एकोणचाळीस

रजबचा चंद्र दिसला त्या संध्याकाळी
आमच्या शेळ्या चाळीस झाल्या.
होयोनं दोरीला एक गाठ मारली, म्हणाली,
वर्षभर चाळीस राहिल्या
तर त्यातली एक आपली नाही.

(होयो म्हणजे आई. सनागच्या पठारावर
ही हाक फार लांब जाते,
अडवायला झाडंच नाहीत.)

वर्ष कसं गेलं ते सांगत नाही.
पाऊस एकदा आला, धूळ शिंपडून गेला.
करडं आधी झाली, म्हाताऱ्या मग मेल्या;
आकडा हट्टी, चाळिसाच्या खाली उतरेना.
आम्ही चहा बिनदुधाचा प्यायचो
आणि शेळ्या मोजायचो.

वर्ष भरायला एक दिवस उरला असताना
ती काटेरी कुंपणाच्या तोंडाशी बसली,
एकेक पाठ तळव्याखालून आत सोडत.
तिला आकडे लिहिता येत नाहीत. तळवा मोजतो.
तळवा एकोणचाळिसाशी थांबला.
"कानफाटी आली नाही."

गुलेद, माझा भाऊ, तेव्हा चौदाचा.
तरसानं नेली असेल, म्हणाला.
मग हळू आवाजात, शेळ्यांनी ऐकू नये असा:
एकोणचाळिसावर काही लागत नाही, होयो.
मआलिमनीच सांगितलंय.

"नाही लागत," ती म्हणाली,
आणि रेडिओतले सेल काढून बॅटरीत घालू लागली.

मी तिच्यामागे गेले.
कोरड्या ओढ्यातून, दगडांवरून,
ती जीभ टाळूला लावून हाक घालत होती,
थांबून ऐकत होती, पुन्हा घालत होती.
सेल मध्यरात्रीच संपले.
आणि मी, आज सांगते,
प्रत्येक हाकेमागोमाग मनात दुआ मागत होते:
सापडू नको.
ती कोणाकडे मागतेय
हे मला चांगलं ठाऊक होतं.

उजाडताना सापडली. पाय खडकाच्या फटीत,
जिवंत, आमच्यावरच चिडलेली.
होयोनं तिला ओढून काढलं,
मग पाणी नव्हतं म्हणून तळवे धुळीवर टेकवले,
चेहऱ्यावरून फिरवले, हातांवरून.
मी शेजारी उभी राहिले.
पूर्ण नमाजभर कानफाटी ओरडत होती;
सजद्यात तर माझ्या कानाशीच.

खांद्यावरून घरी आणली.
गुलेदनं बघितलं, काही वेळ गप्प राहिला.
मग हीच द्या की, म्हणाला. नाहीतरी लंगडी.

"लंगडी चालत नाही."
आजारी नाही, म्हातारी नाही.
सगळ्यात देखणीही तो मागत नाही.
मधली.
ही मधली शोधायला होयोला दुपार झाली.
एकीला पुढे घ्यायची, परत ढकलायची.
शेवटी जी निवडली
तिचं दूध गुलेदला आवडायचं. तो विहिरीकडे निघून गेला.

संध्याकाळी चंद्र दिसला, नखाच्या कातरणाएवढा.
मुमिनाकडे आम्ही दोघी गेलो.
तिचा अख्खा कळप त्या वर्षी
रस्त्याकडेला वाळून पडला होता.
तिनं दोरी हातात घेतली,
शेळीच्या पाठीवरून तळवा फिरवला.
दूध देते?
सकाळी एक माप.
बरं.
आभार मानले नाहीत.
जत्रेत हरवलेली वस्तू परत मिळावी
तसं तिनं शेळीला आत नेलं.

(आता मी बुराओत, हुंडीच्या दुकानात हिशेब लिहिते.
लोक विचारतात, अमुक रकमेला किती?
मी चाळिसानं भागते.
यंत्र एका क्षणात सांगतं.)

त्या रात्री होयो पुन्हा कुंपणाशी बसली.
पुन्हा एकेक पाठ.
तळवा पुन्हा एकोणचाळिसाशी थांबला.
या वेळी ती उठली नाही.
वर्षाची गाठ तिनं दातांनी सोडवली,
दोरी सरळ केली,
आणि दोन काटक्या लावून
कानफाटीचा पाय बांधायला घेतला.
"धर," मला म्हणाली, "घट्ट धर. लाथ मारते."